भेग बुजली, पण बोलली का?

(आपल्या मासिक अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आत्ता माझी ओळख करून देताना ‘विज्ञानाचे अभ्यासक’ असा शब्द वापरला गेला. आधी तो दुरुस्त करतो. मी सॉफ्टवेअरवाला आहे. पदवी मेकॅनिकल इंजिनिअरिंगची आणि पोट भरतो प्रोग्रॅम लिहून. पुण्यात अशी माणसं गल्लोगल्ली सापडतात. कॉलेजात ‘मटेरियल सायन्स’ नावाचा विषय होता, त्यात मी जेमतेम पास झालो होतो. आज त्याच विषयावर बोलायला उभा आहे, हे आमच्या सरांना कळलं तर ते नक्की हसतील.

विषय आहे, स्वतःची दुरुस्ती स्वतः करणारे आणि ताण पडला की प्रतिसाद देणारे पदार्थ. कापलं तर परत जुळणारं रबर, भेग पडली तर ती आपोआप भरणारं काँक्रीट, ओढलं की रंग बदलणारं प्लास्टिक. ऐकायला जादूसारखं वाटतं. मोबाईलवर असे व्हिडिओ फिरत असतात आणि खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, आता घर बांधा आणि विसरून जा. ‘विसरून जा’ या दोन शब्दांवरच मला आज बोलायचं आहे. पण सुरुवात घरापासून करतो.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठावर. अब्बा कुवेतला होते. त्या काळी आमच्याकडे बहुतेक घरांतला एक तरी पुरुष आखातात असायचा आणि त्याच्या पैशातून गावात कौलं उतरून स्लॅब चढायचा. आमचाही नव्वदच्या दशकात चढला. गावात मान वाढला. दादी मात्र म्हणायची, कौल फुटलं तर कळतं, हे फुटलं तर कसं कळणार?

स्लॅबला दहा-बारा वर्षांनी पडवीच्या बाजूला एक बारीक भेग दिसायला लागली. सरळ रेषेत, आतल्या सळईच्या बरोबर खाली. अब्बा मे महिन्यात सुट्टीवर आले की पहिलं काम ठरलेलं असायचं, व्हाइट सिमेंट कालवायचं, भेग भरायची, वर रंगाचा हात मारायचा. स्टूल धरायला मी. पावसाळा संपला की भेग पुन्हा त्याच जागी. पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच. असं सात-आठ वर्षं चाललं. घर कायम नवं दिसायचं.

एका जुलैच्या रात्री त्या जागचा ढलपा खाली आला. स्वयंपाकघरातल्या पाट्याएवढा असेल. खाली दादीची खाट होती. तिच्या खांद्याचं हाड मोडलं. डोक्यावर पडला असता तर मी आज ही गोष्ट वेगळ्या आवाजात सांगत असतो.

त्यात लबाडी कुणाचीच नव्हती. अब्बांनी तर प्रेमानं, स्वतःच्या हातानं दुरुस्ती केली होती. पण आत काय चाललं होतं ते पाहू. काँक्रीट ताजं असताना ते भरपूर अल्कधर्मी असतं. त्यामुळे सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि लोखंड गंजत नाही. खाऱ्या हवेतलं, खाऱ्या वाळूतलं मीठ आत पोचलं की हा थर तुटतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो आतून फुगतो आणि काँक्रीटला बाहेर ढकलतो. म्हणजे ती भेग हा आजार नव्हताच, ते आजाराचं लक्षण होतं. आम्ही दरवर्षी त्या लक्षणाचं तोंड बंद करत होतो.

हे डोक्यात ठेवा. आता प्रयोगशाळेत जाऊ.

कोणतीही वस्तू एकदम तुटत नाही. आधी डोळ्यांना न दिसणारे तडे जातात, ते वाढतात, एकमेकांना मिळतात आणि मग एक दिवस आपल्याला आवाज येतो. इंजिनिअरिंगची जुनी पद्धत काय? तडा जाणारच नाही इतकं जाड करा, मजबूत करा, आणि अधूनमधून तपासा. शरीराची पद्धत वेगळी आहे. आपली कातडी काही लोखंडाची नाही, ती रोज कुठेतरी खरचटते. पण दुरुस्तीचं सामान आतच असतं.

ही पद्धत प्लास्टिकमध्ये आणण्याचा गाजलेला प्रयोग २००१ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात झाला. स्कॉट व्हाइट, नॅन्सी सॉट्टोस, जेफ्री मूर आणि त्यांचे सहकारी. इपॉक्सी आपल्या ओळखीचं आहे, दोन ट्यूबमधून येतं, मिसळलं की घट्ट होतं. होड्यांच्या आणि विमानांच्या भागांतही ते वापरतात. या लोकांनी इपॉक्सीत पाव मिलिमीटरपेक्षाही लहान कुप्या मिसळल्या. प्रत्येक कुपीत एक पातळ द्रव. आणि इपॉक्सीत सगळीकडे एका उत्प्रेरकाचे कण पेरले. तडा पुढे सरकला की वाटेतली कुपी फुटते, द्रव तड्यात ओढला जातो, उत्प्रेरकाला भेटतो आणि तिथेच घट्ट होतो. दोन दिवसांनी पुन्हा तोडून पाहिलं, तर तडा रोखण्याची मूळ क्षमता ७५ टक्क्यांपर्यंत परत आली होती. हा उत्प्रेरक ज्यांच्या नावानं ओळखला जातो त्या रॉबर्ट ग्रब्ज यांना पुढे २००५ साली रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

किती सुंदर कल्पना आहे पाहा. जो तडा नुकसान करतो, तोच दुरुस्तीचं बटण दाबतो. कुणी लक्ष ठेवायला नको, कुणी ट्यूब आणायला नको.

पण अडचणही उघड आहे. कुपी एकदाच फुटते. त्याच जागी दुसऱ्यांदा तडा गेला तर तिथे रिकामी कुपी आहे. म्हणून याच गटानं २००७ साली कातडीखालच्या रक्तवाहिन्यांसारखं बारीक नळ्यांचं जाळं तयार केलं आणि त्यातून द्रव वरच्या थरापर्यंत पोचवला. तेव्हा एकाच जागचा तडा सात वेळा भरला. सात हा आकडा लक्षात ठेवा. एक वेळा किंवा सात वेळा, अमर्याद वेळा नाही.

दुसरा रस्ता असा, की बाहेरून काही भरायचंच नाही. पदार्थाचे रेणू ज्या बंधांनी एकमेकांना धरून आहेत, ते बंधच असे निवडायचे की तुटले तरी पुन्हा जुळतील. २००८ साली पॅरिसमध्ये लुडविक लाइब्लर यांच्या गटानं असं रबर केलं. कच्चा माल काय, तर वनस्पती तेलातून मिळणारी मेदाम्लं आणि युरिया. रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरतात. हे बंध एकेकटे दुबळे, पण संख्येनं प्रचंड. रबर ब्लेडनं कापा, कापलेली टोकं साध्या खोलीत एकमेकांवर दाबून धरा, ती जुळतात आणि मग ओढलं तर पुन्हा ताणलं जातं. गोंद नाही, उष्णता नाही.

इथेही एक अट आहे. तुकडे जितका जास्त वेळ वेगळे राहतील तितकी जुळण्याची ताकद कमी होत जाते. कारण मोकळे झालेले हात रिकामे राहत नाहीत, ते आपल्याच बाजूच्या शेजाऱ्याला धरतात. समोरचा परत आला तेव्हा धरायला हात शिल्लक नसतो. यावर मी भाष्य करत नाही, तुम्ही हसलात म्हणजे तुम्हाला कळलं.

तिसरं उदाहरण आपल्या देशातलं. कोलकात्याच्या ‘आयसर’मध्ये मल्ला रेड्डी यांच्या गटानं खरगपूर आयआयटीतल्या सहकाऱ्यांसोबत २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक काम प्रसिद्ध केलं. त्यांचे स्फटिक सेंद्रिय रेणूंचे होते. मऊ रबर जुळलं तर समजू शकतं, पण स्फटिक म्हणजे कडक, ठिसूळ, साखरेच्या दाण्यासारखा. तो कसा जुळणार? तर हे स्फटिक दाब पडला की विद्युतभार दाखवणारे होते. तुटल्यावर समोरासमोरच्या दोन तोंडांवर विरुद्ध भार येतात, ते एकमेकांना ओढतात आणि तुकडे काही मिलिसेकंदांत जिथून तुटले तिथेच जुळतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत वरून वाचलं. अट मात्र तीच. तुकडे फार लांब गेले तर ओढ पुरत नाही.

धातूतही असं काही घडतं. २०२३ साली अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत प्लॅटिनमचा ४० नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा सेकंदाला २०० वेळा ओढून पाहत होते. त्यांना तडा कसा वाढतो ते बघायचं होतं. सुमारे ४० मिनिटांनी तड्याचं टोक उलट मिटलं! मायकेल डेमकोविझ या शास्त्रज्ञानं असं होऊ शकेल हे २०१३ मध्ये गणितानं मांडलं होतं. पण हे निर्वात जागेत, नॅनोमीटरच्या मापात. आपल्या पुलाचा गर्डर उद्यापासून स्वतः बरा होईल असा याचा अर्थ नाही.

आता काँक्रीट, म्हणजे माझ्या घरचा विषय.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात हेंक योंकर्स हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जिवाणूंवर काम करत होते. काही जिवाणू वाईट काळात बीजाणू होऊन झोपी जातात आणि वर्षानुवर्षं तसेच टिकतात. योंकर्स यांनी अशा जिवाणूंचे बीजाणू आणि त्यांचं खाद्य, म्हणजे कॅल्शियम लॅक्टेट, हे भाजलेल्या मातीच्या हलक्या कणांत भरून काँक्रीटमध्ये घातलं. काँक्रीट कोरडं आणि अखंड असेल तोवर ते झोपलेले. भेग पडली, पाणी शिरलं, की जागे होतात, खातात, आणि चुनखडी तयार होते. त्या चुनखडीनं भेग भरते. शिवाय खाताना ते ऑक्सिजन वापरतात, आणि गंजायला ऑक्सिजन लागतो, हा जादा फायदा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात १०० दिवस पाण्यात ठेवल्यावर जिवाणू असलेल्या काँक्रीटमध्ये ०.४६ मिलिमीटर रुंदीपर्यंतच्या भेगा भरल्या. साध्या काँक्रीटमध्ये ०.१८ मिलिमीटरपर्यंतच्या.

या दुसऱ्या आकड्याकडे लक्ष द्या. साधं काँक्रीटसुद्धा स्वतःची थोडी दुरुस्ती करतंच. त्यातले न भिजलेले सिमेंटचे कण पाणी मिळालं की पुन्हा काम करतात. म्हणजे ‘स्वतः भरणारा पदार्थ’ ही आकाशातून पडलेली गोष्ट नाही. होतं त्याची मर्यादा वाढवली, इतकंच. आणि वाढवूनही ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आहे. आमच्या पडवीच्या भेगेत शेवटी शेवटी माझं नख जात होतं.

रोमन काँक्रीटचंही आता खूप बोललं जातं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बांधकामांत चुन्याचे पांढरे खडे दिसतात. बरीच वर्षं लोक समजत होते की कालवताना हयगय झाली. २०२३ च्या जानेवारीत एमआयटीतल्या अ‍ॅडमिर माझिक यांच्या गटानं इटलीतल्या प्रिव्हर्नम इथल्या भिंतीचे नमुने तपासून मांडलं की कळीचा चुना न विझवता गरम कालवल्यामुळे हे खडे राहतात आणि भेग पडल्यावर पाण्यात विरघळून तेच ती भरतात. तशा पद्धतीनं केलेल्या ठोकळ्यात त्यांनी अर्ध्या मिलिमीटरची भेग पाडून पाणी सोडलं. दोन आठवड्यांत पाणी थांबलं. चुन्याचे खडे नसलेल्या ठोकळ्यात थांबलं नाही.

यावरून लगेच ‘जुन्या लोकांना सगळं ठाऊक होतं’ असं म्हणण्याचा मोह होतो. आपल्या सगळ्यांच्या घरात हे वाक्य बोललं जातं, ज्याच्या त्याच्या पूर्वजांच्या नावानं. जरा थांबू. रोमन लोकांनी बांधलेलं जे पडलं ते आपल्याला दिसत नाही, टिकलं तेवढंच दिसतं. त्यांच्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळई नव्हती, त्यामुळे आमच्या पडवीचा आजार त्यांना होण्याचं कारणच नव्हतं. आणि हे असं का टिकलं, हे पूर्वजांच्या कौतुकातून नाही, तर ठोकळा फोडून, पाणी सोडून, शेजारी दुसरा ठोकळा ठेवून कळलं. आदर करायचा तर त्या दुसऱ्या ठोकळ्याचाही करू या.

इथवर भरून येणाऱ्या पदार्थांचं झालं. आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, मग दुसऱ्या अर्ध्याकडे जाऊ.

काही वर्षांपूर्वी मी एका ठिकाणी ऑर्डरी नोंदवणारी एक प्रणाली सांभाळत होतो. तो प्रोग्रॅम अधूनमधून बंद पडायचा. मी एक छोटी सोय लिहिली. बंद पडला की दहा सेकंदांत आपोआप परत चालू. ग्राहकाला कळतही नसे. प्रत्येक वेळी मला मेसेज यायचा, तो रात्री-अपरात्री त्रास द्यायचा, म्हणून मी तो मेसेजही बंद केला. सगळे खूश. फळ्यावर हिरवा दिवा. आत मात्र प्रोग्रॅम वापरलेली मेमरी परत करत नव्हता आणि बंद पडण्याचं प्रमाण आठवड्याला एकदा, मग दिवसाला एकदा, मग तासाला एकदा असं वाढत होतं. हे मला नंतर नोंदी उघडल्यावर समजलं. एका सणाच्या आदल्या रात्री गर्दी वाढली, परत चालू होताहोताच तो पुन्हा पडायला लागला, आणि काही तासांच्या ऑर्डरी गेल्या त्या गेल्याच.

पहाटे घरी जाताना मला पडवी आठवली. मी अब्बांचंच काम केलं होतं. भेग भरली, वर रंग मारला. अब्बांना निदान माहीत नव्हतं. मला इंजिनिअरिंगची पदवी होती.

तेव्हापासून मी या पदार्थांबद्दल वाचताना एक प्रश्न विचारतो. हा भरून येतो हे ठीक, पण तो सांगतो का?

दादीचं हाड भरलं. पण भरेपर्यंत ते दुखत होतं. हात उचलला की दुखायचं, म्हणून ती उचलत नव्हती, म्हणून ते नीट भरलं. शरीर दुरुस्तीही करतं आणि ओरडतंही. दुखणं हा दुरुस्तीचाच भाग आहे.

पदार्थ असं ओरडू शकतात का? शकतात. ताणाला प्रतिसाद देणारे पदार्थ म्हणतात ते हेच.

२००९ साली त्याच इलिनॉयच्या गटानं ‘नेचर’मध्ये आणखी एक काम प्रसिद्ध केलं. प्लास्टिकच्या लांब साखळीत त्यांनी स्पायरोपायरन नावाचा एक छोटा रेणू गुंफला. या रेणूत एक बंध मुद्दाम कच्चा असतो. साखळी ओढली की बाकीच्यांच्या आधी तो सुटतो, रेणूचं कडं उघडतं आणि त्याचा रंग बदलतो. फिकट पट्टी ओढत नेली तर तुटण्याआधी ती लालसर होते. नुसती लाल होत नाही, जिथे ताण जास्त तिथे जास्त लाल. आणि प्रकाशात ठेवली की रेणू पुन्हा मिटून रंग जातो.

म्हणजे तुटण्याच्या आधीच, कुठे तुटणार ते वस्तू दाखवते. विचार करा, गिर्यारोहकाचा दोर, क्रेनचा पट्टा, होडीचा सांगाडा ‘इथे माझ्यावर फार भार पडतोय’ असं रंगानं सांगू लागला तर किती जीव वाचतील. हे आज बाजारात मिळत नाही. प्रकाशानं रंग जातो हीच बाहेर उन्हात वापरताना अडचण होते. पण दिशा दिसते.

दुसरं काम २०१९ चं, जपानच्या होक्काइदो विद्यापीठातलं, जियान पिंग गाँग यांच्या गटाचं. त्यांनी पाण्यानं भरलेला जेल केला, त्यात दोन जाळी एकमेकांत गुंतलेली. एक ठिसूळ, एक लवचिक. जेल ओढला की ठिसूळ जाळ्याचे धागे तुटतात आणि तुटलेल्या टोकांवर रासायनिक दृष्ट्या अस्वस्थ कण तयार होतात. जेल ज्या द्रवात ठेवलाय त्यात नवं जाळं विणायचं सामान विरघळवलेलं असतं. ही अस्वस्थ टोकं ते सामान पकडून नवं जाळं विणतात. ओढा, सोडा, ओढा, सोडा, असं केल्यावर जेलची ताकद दीडपट झाली, ताठपणा २३ पट, वजन ८६ टक्क्यांनी वाढलं. व्यायामशाळेत स्नायूंचं होतं तसंच. यात महत्त्वाचं काय, तर बाहेरून खाद्य मिळायला हवं. खाद्याशिवाय नुसतं ओढलं तर जेल फक्त तुटेल. कामगाराला ‘कष्टानं माणूस घडतो’ असं सांगणाऱ्यांनी हा प्रयोग पूर्ण वाचावा.

तिसरं काम माझ्या सगळ्यात आवडीचं. २०२३, एमआयटीतले जेरेमाया जॉन्सन आणि ड्यूक विद्यापीठातले स्टीफन क्रेग. रबरासारख्या पदार्थात लांब साखळ्या असतात आणि त्यांना एकमेकींशी जोडणारे दुवे असतात. आपण म्हणू, दुवे मजबूत केले की रबर मजबूत होईल. त्यांनी उलट केलं. मुद्दाम कमकुवत दुवे घातले. फाडायला गेले तर पदार्थ नऊ पटींपर्यंत चिवट निघाला. कारण फाटत जाणारा तडा मजबूत साखळ्या टाळतो आणि कमकुवत दुव्यांमधून वाट काढतो. ती वाट वाकडीतिकडी, त्यामुळे एकूण तोडावे लागणारे बंध जास्त होतात. तड्याची ताकद आधीच संपते. गाड्यांच्या टायरचं रबर झिजून त्याचे कण हवेत आणि पाण्यात जातात. रबर चिवट झालं तर ती झीज कमी होईल, अशी त्या संशोधकांना आशा आहे.

या तिन्ही प्रयोगांत एक गोष्ट समान आहे. कुठेतरी एक दुवा आधी तुटायला ठेवलेला आहे. तो तुटतो म्हणून रंग दिसतो, तो तुटतो म्हणून नवं जाळं विणलं जातं, तो तुटतो म्हणून मोठा तडा थांबतो. आधी तुटणारा दुवा हा तिथे दोष नाही, ते त्याचं काम आहे.

शेवटाकडे येतो. ‘स्वतः दुरुस्त होणारं’ असं लिहिलेली चीज आता तुमच्या दारातही येणार. गाडीवर लावायची फिल्म म्हणून आली आहे, रंग, कोटिंग, सिमेंटमध्ये घालायची पावडर असं बरंच काही येईल. विकणारा उत्साहात असेल. त्याच्याशी भांडू नका, फक्त चार प्रश्न विचारा.

पहिला, केवढी भेग? केसाएवढी की नखाएवढी? आकडा मागा.

दुसरा, किती वेळा? एकदा, सात वेळा, की त्याच जागी पुन्हा पुन्हा?

तिसरा, कशाच्या जोरावर? पाणी लागतं, ऊन लागतं, गरम करावं लागतं, की तुकडे हातानं जुळवावे लागतात? ते आपल्याकडे, आपल्या हवेत होणार आहे का? प्रयोगशाळेतले १०० दिवस पाणी आणि आपला चार महिने पाऊस, आठ महिने कोरडं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चौथा प्रश्न बहुधा त्यालाही नवा असेल. भरल्याचं मला कळणार कसं? किती वेळा भरलं याची नोंद कुठे राहते?

चौथ्याचं उत्तर नसेल तर ती वस्तू वाईट आहे असं मी म्हणत नाही. मग तपासायची जबाबदारी आपली, एवढंच. दुरुस्ती पदार्थावर सोपवता येईल, लक्ष ठेवणं सोपवता येत नाही.

आपल्याकडे कपड्यांच्या दुरुस्तीचे दोन प्रकार होते. आमच्या मोहल्ल्यात एक रफूगर चाचा बसायचे. त्यांचं काम इतकं बारीक की फाटलं कुठे होतं ते सापडायचं नाही. आणि दादी घरी ठिगळ लावायची, तेही वेगळ्याच रंगाचं. लहानपणी मला त्या ठिगळाची लाज वाटायची. आता वाटतं, लग्नाच्या शेरवानीला रफू ठीक आहे. पण जिच्याखाली माणसं झोपतात त्या छताला ठिगळच हवं, लांबून दिसेल असं.

आमच्या घराचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. ढलपा पडल्यानंतर अब्बांनी सगळा खराब भाग काढायला लावला, सळया उघड्या करून गंज घासला, ज्या अर्ध्या झाल्या होत्या त्या बदलल्या आणि मग नवं काँक्रीट भरलं. खर्च बराच आला. गवंडी म्हणाला, आता रंग मारून टाकू, एकसारखं दिसेल. अब्बा नको म्हणाले. तो चौकोन आजही पडवीच्या छताला करडा आहे. त्याच्या कडेला दर मे महिन्यात ते पेन्सिलनं एक बारीक रेघ मारतात आणि शेजारी तारीख लिहितात. कडेला नवी भेग आली तर कधी आली हे कळावं म्हणून.

पाहुणे विचारतात, हे असं का ठेवलंय? दादी होती तोवर तीच उत्तर द्यायची, खांद्याला हात लावून. आता आम्ही देतो.

प्रश्न विचारा. कठीण असतील तर मेकॅनिकलवाल्याला विचारा, मी सॉफ्टवेअरवाला आहे.